चेष्टा करणारे गुरुजी

'काशीतले एक गुरुजी मला म्हणाले, मी चेष्टा करतो. आणि तीन दिवस त्यांनी तेच केलं.' माझ्या सायकलप्रवासाच्या लेखातलं हे वाक्य आमच्या गावात म्हणीसारखं झालं आहे. दिवाळी अंकात ते छापून आलं, पुढे पन्नासेक वर्षं मी ते व्याख्यानांतून सांगितलं, आणि दर वेळी लोक पोट धरून हसले. आता तो लेख पुस्तकात येतो आहे. त्याआधी जे घडलं ते जसंच्या तसं सांगायला हवं. मी लबाडी केली होती.

सातारा ते कलकत्ता असा तो प्रवास होता. मी चोवीस वर्षांचा होतो, एकटाच होतो. सायकल एका निवृत्त साहेबाकडून घेतलेली, विलायती. तिचा मला फार अभिमान होता. काशी दोन-तीन मैलांवर राहिली असताना एका बैलगाडीला चुकवायला गेलो, मागचं चाक खड्ड्यात आदळलं आणि त्याचा पापड झाला. शहरातल्या दुकानदारांनी चाक पाहिलं आणि मान हलवली. विलायती माप, इथे कुठलं मिळायला!

माझ्याजवळ एक पत्ता होता. गावातल्या एका बाईंची बहीण काशीला दिलेली होती. सायकल खांद्यावर घेऊन दूधविनायकच्या गल्ल्यांतून ते घर शोधलं. दारात शाल पांघरलेले एक वृद्ध गृहस्थ उभे होते.

"साताऱ्याकडचे ना? या, या. इथून उजवीकडे मुडा, सायकल आंगणात ठेवा. बाहेर किती धूप आहे!"

हे गुरुजी. त्यांचं घराणं सहा पिढ्यांपासून काशीत होतं. रामघाटावरच्या पाठशाळेत ते वेद शिकवत. सायकलवर ते जन्मात बसले नव्हते. जेवण झाल्यावर मी त्यांना चाक दाखवलं. त्यांनी वाकड्या कडेवरून बोट फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मी चेष्टा करतो."

"चेष्टा नका करू हो गुरुजी," मी म्हणालो. "माझा जीव टांगणीला लागलाय."

ते गोंधळले. "चेष्टा नको करू? मग चाक काय आपण होऊन चालत येणार?"

स्वयंपाकघरातून काकूंचं, म्हणजे त्या बाईंच्या बहिणीचं, हसू ऐकू आलं. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, तो आपल्याकडचा आहे! अरे बाबा, इकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न. हिंदीतला अर्थ. मलाही लग्नानंतर वर्षभर कळला नव्हता. हे म्हणायचे, तुला सुखात ठेवायची मी चेष्टा करतो, आणि मी उशीत तोंड घालून रडायचे."

"मला वाटायचं, माहेरची आठवण येते," गुरुजी म्हणाले.

म्हणजे त्या शब्दाचा अर्थ मला पहिल्याच दुपारी कळला होता. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे मी तो कळलाच नाही असं भासवलं.

दोन दिवस मी गंगेत डुंबलो, काकूंच्या हातचं जेवलो आणि झोपा काढल्या. गुरुजी पाठशाळेतून सुटले की चाकाच्या मापाची सुतळी कमरेला खोचून गल्लोगल्ली फिरत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "चला, एक चाक दिसलं आहे. तुमचं पण घ्या."

आम्ही रामघाटावरून नावेत बसलो. गुरुजींच्या एका मांडीवर माझं मोडकं चाक आणि दुसऱ्या मांडीवर दूधवाल्याच्या मोडीत निघालेल्या सायकलीचं साधं चाक. धोतराला काळं वंगण लागलेलं.

नावाड्याला राहवलं नाही. "का गुरुजी, अब गंगाजी में साइकिल चलइबा?"

"चलाऊँगा. पहले तू नाव चलाना सीख ले," गुरुजी म्हणाले.

मुन्शी घाटावर उतरून वर एका विणकराच्या घरी गेलो. ओसरीवर एक म्हातारी आणि तिची सून रेशीम गुंडाळत बसल्या होत्या. त्यांच्या चरख्याला सायकलचं चाक होतं. गुरुजींनी सुतळी धरली. माप तंतोतंत माझ्या चाकाचं.

म्हातारी चिडली. "वाह पंडितजी! चक्का ले जाइएगा, तो बहू धागा किस पर भरेगी? आपके जनेऊ पर?"

गुरुजी हसले आणि त्यांनी दूधवाल्याचं चाक पुढे केलं. "अम्मा, चरखे में छोटा-बड़ा सब चल जाता है. इसकी साइकिल में नहीं चलता."

सुनेने ते चाक चरख्यावर चढवलं. म्हातारीने ते फिरवलं, कान देऊन ऐकलं, आणखी एकदा फिरवलं. मग मला म्हणाली, "ले जा. कलकत्ते में कहना, यह चक्का रेशम पर चला है."

ते मी कलकत्त्यात कुणालाही सांगितलं नाही.

गावी परतल्यावर माझा सत्कार झाला. भाषणात मी काशीची हकिकत सुरू केली. 'गुरुजी म्हणाले, मी चेष्टा करतो' एवढं बोललो आणि सभागृह हसून कोसळलं. हसू ओसरलं की खरा अर्थ सांगू, असं ठरवून मी थांबलो. पण ते हसू फार गोड लागलं. अर्थ तसाच गिळला. मग गुरुजी थट्टेखोर ठरले, म्हणून चाकही मीच वणवण करून शोधलं असं सांगावं लागलं. लेखात तेच लिहिलं.

काही महिन्यांनी काकूंचं पोस्टकार्ड आलं. 'बहिणीने अंक पाठवला. तुझा लेख ह्यांनी दोनदा वाचला. चाक कलकत्त्यापर्यंत टिकलं, हे वाचून त्यांना बरं वाटलं. हल्ली ते प्रयत्न करतो असं म्हणतात. वेद म्हणताना कधी अडत नाहीत, पण या शब्दापाशी जरा थांबतात.'

मी उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? ती दोघं जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या महिन्यात पुस्तकाची मुद्रितं आली. चाक मी शोधल्याचे दोन परिच्छेद मी काढून टाकले. ते वाक्य मात्र ठेवलं. काशीच्या मराठीत वाचलं तर ते अक्षरशः खरं आहे, आणि तसं खाली लिहूनही टाकलं. मग दूधविनायकच्या घरचा फोन नंबर मिळवला. गुरुजींच्या नातीने उचलला. मी सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता.

ती म्हणाली, "म्हणजे ते सायकलवाले तुम्हीच! आजी तुमच्यावर फार नाराज होती. आजोबा नव्हते. ते म्हणायचे, मुलगा आहे, हसू दे."

"पुस्तक पाठवतो," मी म्हणालो. "वाचाल ना?"

"मराठी वाचायला मला टाइम लागतो. पण कोशिश करीन."

"चेष्टा करीन म्हणा," मी म्हणालो. "तुमच्या घरातला शब्द आहे तो."