ड्रमापर्यंत पाच, परत पाच

डिसेंबरचा पहिला शनिवार. शर्यतीच्या खर्चाला मंजूर रक्कम नऊ हजार रुपये. हजर चार जण: प्राचार्य, क्रीडाशिक्षक, खेळाडू मुलींच्या वतीने माझी मुलगी आणि पालक म्हणून मी. विषय एकच होता. आमच्या भागातल्या महाविद्यालयांची मुलींची क्रॉस कंट्री निवड शर्यत यंदाही आमच्याकडे होती, ती सहा किलोमीटरची ठेवायची की दहाची, हे ठरवायचं होतं. या शर्यतीतून पहिल्या सहा मुली विद्यापीठाच्या शिबिराला जाणार होत्या. सातवी राखीव, म्हणजे ती शिबिराला येऊ शकते, पण स्वतःच्या खर्चाने.

मी बोलण्याआधी एक गोष्ट सांगून टाकली. "माझी मुलगी सहा किलोमीटरला आठवी-नववी येते. दहाला पाचवी-सहावी. तेव्हा माझा यात स्वार्थ आहे."

प्राचार्य हसले नाहीत. "मग तुमचं मत आम्ही कसं धरायचं?"

"मत धरू नका. गेल्या वर्षी सहा किलोमीटरवर सहा जणी निवडल्या. पुढे विद्यापीठाकडून त्यांना दहा पळावं लागलं. दोघींनी सातव्या किलोमीटरला शर्यत सोडली. एवढंच धरा."

"त्या दोघी पडल्या असत्या तर? इथे कोणी पडली तर?" प्राचार्यांची भीती खोटी नव्हती. मुलींचे वडील त्यांच्याच दारात येणार होते. "सहा ठेवा. सगळ्या सुखरूप घरी जातील."

क्रीडाशिक्षक आमच्याच तालुक्यातले, बोलायला मोकळे. "सर, पोरी कापूस वेचायला दिवसभर वाकतेत तवा कुनी डॉक्टर नेत न्हाई. आन् दहा किलोमीटरला भेताय व्हय?"

मग मुलगी म्हणाली, "सर, जी शर्यत पुढे पळायची आहे तिच्यासाठीच निवडा. मी नाही आले तरी चालेल."

शेवटी दहा ठरलं, दोन अटींवर. एक, रुग्णवाहिका उभी पाहिजे. त्यासाठी पोहे आणि चषक यांच्या खर्चातून पैसे काढले. दुसरी अट माझ्यावर आली. मागच्या वर्षीचं अंतर क्रीडाशिक्षकांनी आपल्या मोटारसायकलच्या काट्यावर मोजलं होतं आणि तिचा काटा मधेच अडकतो हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. मी भूमापन खात्यात मोजणीचं काम करतो. प्राचार्य म्हणाले, "दहा तुम्ही मागितलंय, तर दहा तुम्हीच मोजून द्या. वळणावर पंचही तुम्हीच राहा."

कार्यालयाचं यंत्र मी खासगी कामाला बाहेर काढत नाही. पन्नास मीटरचा टेप विकत आणला. पुढच्या रविवारी सकाळी मी आणि मुलगी झरी गावाजवळच्या कालव्याच्या रस्त्याला गेलो. टेपचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. शंभर टेप म्हणजे पाच किलोमीटर. दर टेपला ती खडूने रेघ मारायची आणि मोठ्याने आकडा म्हणायची. दोन्ही बाजूंना तूर फुलून पिवळी झाली होती. शंभरावा टेप गावाच्या शिवेवरच्या मारुतीच्या देवळापुढे संपला, पायरीपासून चार मीटर अलीकडे. तिथे चुन्याने पांढरा केलेला ड्रम ठेवायचा आणि त्याला वळून परत यायचं, असं ठरलं. आम्ही दोघांनी पायरीशी जाऊन नमस्कार केला, देवळाभोवती एक फेरी घातली आणि घरी आलो. त्या फेरीचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

शर्यत त्यानंतरच्या शनिवारी सकाळी सात वाजता सुटली. मुली एकतीस. मी ड्रमापाशी, हातात नंबरांची यादी. थंडी बरी होती. बाविसाव्या मिनिटाच्या आधीच पहिली मुलगी दिसली, अनवाणी, पायांना पट्ट्या बांधलेल्या. ती आली, ड्रमावरून पुढे गेली, देवळाला उजवीकडे ठेवून पूर्ण वळसा घातला, पळता पळताच हात छातीला लावला आणि परत निघाली. मी तिच्या नंबरावर खूण केली. दुसरी आली, तिच्या मागे गेली. तिसरी, चौथी, पाचवी. मी खुणा करत राहिलो. मारुतीपर्यंत येऊन त्याला फेरी न घालता कोणी मागे फिरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, मग मला त्यात चुकीचं काय दिसणार?

चुडावा गावच्या कॉलेजची मुलगी सहावी आली आणि तीही वळसा घालून गेली. तिच्या मागे माझी मुलगी. ती ड्रमापाशी आली, त्याला हात लावला आणि तिथूनच वळली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी बाकीच्यांना ओरडून सांगायला हवं होतं, पण पुढच्या सहाजणी निघून गेल्या होत्या. मागून येणाऱ्यांना आता सांगावं, तर पुढच्यांवर अन्याय. मी तोंड मिटून राहिलो. मागच्या चोवीसही वळसा घालूनच गेल्या.

शेवटची मुलगी गेल्यावर मी टेप काढला. देवळाच्या फेरीचं जादा अंतर सत्तर मीटर भरलं.

मोटारसायकलवर परत आलो तेव्हा निकाल फळ्यावर लिहून झाला होता. माझी मुलगी सहावी, चव्वेचाळीस मिनिटं दहा सेकंद. चुडाव्याची सातवी, चव्वेचाळीस एकवीस. फरक अकरा सेकंद. त्या वेगाला सत्तर मीटर म्हणजे साडेअठरा सेकंद. हा हिशोब डोक्यात व्हायला मला फळ्यापर्यंतसुद्धा जावं लागलं नाही. मुलगी मैत्रिणींच्या गळ्यात पडून हसत होती.

मी प्राचार्यांच्या खोलीत गेलो आणि काय झालं ते सांगितलं.

क्रीडाशिक्षकांनी दार ओढून घेतलं. "साहेब, आता उकरून काढू नका. तुमची पोरगी नेमाप्रमानं पळाली. बाकीच्या जास्तीचं पळाल्या, ते त्यांचं त्यांनी."

"पंच मी होतो. पहिलीला मी आवाज दिला असता तर सगळ्या ड्रमालाच वळल्या असत्या."

"कुनाला कळलंय ते?"

"मला कळलंय."

"तुमी लयच अवघड मानूस हाय, साहेब."

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. यादी संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठाला जायची होती. पुन्हा शर्यत घ्यायला दिवस नव्हता, रुग्णवाहिकेचे पैसे नव्हते आणि मुलींच्या पायांत त्राणही नव्हतं. त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "कोण किती पळालं ते लिहून सही करा. त्यावरून सहावी कोण ते मी ठरवतो. लिहायचं नसेल तर फळ्यावरचा निकाल पाठवतो. तुमच्यावर सोडलं."

त्यांनी चुडाव्याच्या मुलीला आणि तिच्या आईला आत बोलावलं, माझ्या मुलीलाही. सगळं पुन्हा एकदा सांगितलं गेलं. चुडाव्याची आई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मारुतीला पाठ दावून कसं फिरावं, साहेब? पन तुमच्या लेकीनं बी काय वाईट केलं न्हाई. सांगितलं तसंच पळाली की ती."

माझी मुलगी माझ्याकडे पाहत होती. "टेप मी धरला होता, पप्पा."

"हो."

"ड्रम कुठं ठेवायचा ठरलं होतं?"

"होता तिथेच."

"मग मी कुठं चुकले?"

"तू चुकली नाहीस."

"मग लिहिताय काय?"

मी कागद पुढे ओढला. शर्यत दहा किलोमीटरचीच हवी म्हणून मीच भांडलो होतो. तीस जणी दहा किलोमीटर सत्तर मीटर पळाल्या होत्या आणि एक दहा. मी तेवढंच लिहिलं, चार ओळींत, आणि खाली लिहिलं की वळणावर सूचना न दिल्याची चूक पंचाची आहे. सही केली. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं आणि फळ्यावरचे सहा आणि सात नंबर बदलायला सांगितले. चुडाव्याची मुलगी खुश झाली नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

घरी येताना मुलगी मोटारसायकलवर मागे बसली होती, पण माझा खांदा तिने धरला नाही. सीटमागची लोखंडी दांडी धरली. बायकोने दोघांची तोंडं पाहून ताटं वाढली. तीन दिवस मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलली. पण पहाटे पाचला बूट बांधून ती रोज जात होती, एवढं मी पाहिलं.

चौथ्या दिवशी तिने शिबिराचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. "राखीवला स्वतःच्या खर्चानं यायचंय. मी जाणार आहे." मग म्हणाली, "तुम्ही मला आधी विचारायला पाहिजे होतं. मीच सांगितलं असतं सरांना. आता ते कुणालाच कळणार नाही."

मी पत्र उचलून त्यातला खर्चाचा आकडा वाचला.

निघायच्या दिवशी मी तिला परभणीच्या बसस्थानकावर सोडलं. चुडाव्याची मुलगी आधीच येऊन थांबली होती. तिने आपली पिशवी उचलून शेजारी जागा केली, आणि माझी मुलगी तिथे बसली.

शेवटी दिलेली रक्कम: शिबिराच्या खानावळीला दहा दिवसांचे दोन हजार रुपये, आणि एसटीच्या जाण्यायेण्याच्या अर्ध्या तिकिटाचे दोनशे, माझ्या मुलीच्या हातात. तिने ते घेतले.