पाऱ्यातली बशी

लॅबमध्ये पारा एकदा सांडला की सगळा कधीच गोळा होत नाही. फरशीच्या फटींतून वर्षभर थेंब निघत राहतात. आमच्या लॅबचे किस्सेही तसेच. मी विसरायचं ठरवतो आणि कोणीतरी भेटून विचारतं, "तुमच्या त्या सरांचं पुढे काय झालं हो?" झालं! पुन्हा सगळं बाहेर.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चांद्याच्या कॉलेजात कारखानीस सर फिजिक्स शिकवायचे, मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. सरांना डॉक्टरेट करायची होती. प्रयोग सांगायला सोपा: गरम पाऱ्यात एक चकती फिरवायची, शेजारी मोठं विद्युतचुंबक ठेवायचं, आणि चुंबक चालू असताना पारा लवकर थंड होतो की उशिरा, ते बघायचं. एवढ्याशा प्रश्नाने सरांची सहा वर्षं खाल्ली.

*

पहिली चकती तांब्याची. ती पाऱ्याने महिन्याभरात फस्त केली! चिनी मातीला पारा काही करत नाही, म्हणून सर घरून चहाची बशी घेऊन आले. मधोमध भोक पाडताना ती फुटली. मग दुसरी, मग तिसरी. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तर वहिनींनी नुसता कपच हातात दिला.

"बशी मागू नका भाऊजी. बश्या रिसर्चला गेल्यात!"

*

बशी एकसारख्या वेगाने फिरायला हवी, आणि चांद्याची वीज कधी जाईल, कधी मंदावेल, नेम नाही. चुंबक बॅटऱ्यांवर चालायचं, पण मोटरचं काय? शेवटी मी बाजारातून रहीमचाचांना आणलं. ते पायाने चाक फिरवून चाकू-कात्र्यांना धार लावायचे. पाय म्हणजे काय पाय! तासभर एका लयीत. दोन वर्षं रोज दुपारी त्यांनी आमची बशी फिरवली. एक दिवस पाय न थांबवता म्हणाले, "सर, तीस साल झाले, मी धार लावून राह्यलो. पण अशी चीज नाई पाह्यली. ह्या बशीले धार येईन कवा?"

सर हसले नाहीत. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं नाही.

*

धानोऱ्याकडचे एक गृहस्थ नापास मुलाची चौकशी करायला आले. कोणी विचारणारं भेटलं की सर खुलायचे. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड कसं फिरतं, त्याचं गुपित या पाऱ्यातून कसं कळेल, असं बरंच त्यांनी सांगितलं. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"धरतीच्या पोटातलं कळते तुमाले? मंग माह्या पोराच्या डोक्यातलं काऊन नाई कळत?"

*

पाऱ्याची वाफ वाईट, हे आम्ही ऐकून होतो. पण खिडकी उघडली की वाऱ्याने पारा भलताच थंड व्हायचा, रीडिंग चुकायचं. म्हणून खिडक्या बंद! सरांचे हात थरथरायला लागले. हेडक्लार्क मस्टर घेऊन आला, "सर, हे सही तुमची नाई वाटत."

सरांनी मस्टर खिडकीच्या काचेपाशी नेऊन सही निरखली. "खरंच, नाही वाटत," म्हणाले.

त्या दिवशी मला ती लॅब पेटवून द्यावीशी वाटली.

*

शेवटी प्रबंध नागपूरला गेला. निष्कर्ष असा की चुंबक चालू असलं तर पारा उशिरा थंड होतो, वीस मिनिटांऐवजी चोवीस मिनिटांत. परीक्षक याच विषयातले मोठे गृहस्थ. त्यांचं पत्र आलं: काम उत्तम, तोंडी परीक्षा हा केवळ उपचार. सरांनी पत्र तीनदा वाचलं.

त्याच आठवड्यात सरांच्या मनगटी घड्याळाची काच फुटली. सगळी रीडिंगं आम्ही त्याच घड्याळावर घेतली होती. घड्याळजीने ते उघडून मला विचारलं, "सर हे ठेवते कुठी? याच्या स्प्रिंगले चुंबक लागलं ना भाऊ. चुंबकापाशी घड्याळ पुढं पळते."

त्याने ते दुरुस्त करून दिलं. सरांनी ते नेहमीच्या जागी, चुंबकाशेजारी ठेवलं आणि चुंबक चालू केलं. मी ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर उभा राहिलो. माझी वीस मिनिटं झाली तसा मी धावत आलो. सरांच्या घड्याळात चोवीस झाली होती!

सहा वर्षं आम्ही पाऱ्याचं काही मोजलंच नव्हतं.

नागपूरच्या गाडीत मी हळूच म्हणालो, "सर, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

परीक्षकांनी अभिनंदनाला हात पुढे केला. सरांनी लांबूनच नमस्कार केला, घड्याळ टेबलावर ठेवलं, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "माझा प्रबंध मला परत द्या."

परीक्षकांचा उभा जन्म अशाच चुंबकांशेजारी गेला होता. त्यांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि कानाला लावलं.