न आलेला झटका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "काळजी करू नका. हृदय अगदी व्यवस्थित आहे." शेजारी उभ्या असलेल्या सुनंदानं, माझ्या बायकोनं, पदर डोळ्यांना लावला. तिला आनंदानं रडू आलं होतं. आणि मला मात्र वाईट वाटलं. एखादा ब्लॉकेज निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी मला खरंच वाटलं. हृदय बिघडलं तर लोक भेटायला येतात. हृदय चांगलं असेल, तर मग बिघडलंय ते मीच.

मानवतला एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी ग्रेडर आहे. शेतकऱ्याची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस काढायचा, ओल किती, कचरा किती, कवडी म्हणजे किडका-पिवळा कापूस किती, ते बघायचं आणि त्या मानानं भाव तोडायचा. या कामात मालाला तोंडानं चांगलं म्हणायचं नसतं. म्हटलं की समोरचा भाव वाढवून मागतो. उमेदीची सगळी वर्षं मी हेच केलं. घरीसुद्धा ती सवय सुटली नाही. ताटातलं कमी मीठ तेवढं मला कळायचं.

ऐन हंगामातली दुपार होती. गाड्यांची रांग लागलेली. हात ढिगात असतानाच छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता मी मरतो, याबद्दल मला शंका उरली नाही. हमालांचा मुकादम माणिक जवळच होता. त्यानं मला उचलून टेम्पोत घातलं आणि परभणीपर्यंत माझं डोकं मांडीवर धरून ठेवलं. "काय होत न्हाई साहेब, मी हाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. याच माणसाला मी रोज चार लोकांत टोचून बोलायचो.

दवाखान्यात ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी झाली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर हा घटक रक्तात वाढतो, म्हणून काही तासांनी ती पुन्हा करतात. मग टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तोवर मागून सुनंदाही आली होती. सगळं चांगलं निघालं.

"याला पॅनिक अटॅक म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "संकट नसताना शरीर संकट आल्यासारखं वागतं. त्रास खरा असतो, सोंग नसतं. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा."

'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द ऐकला आणि मी गार पडलो. बाहेर बाकावर माणिक ताटकळला होता. "काय म्हणले डॉक्टर?" त्यानं विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "माइल्ड अटॅक." सुनंदानं हातातले रिपोर्ट पिशवीत घातले.

मग घरी माणसांची रीघ लागली. कुणी शहाळी आणली, कुणी मोसंबी. सुनंदाच्या माहेरचे लोक गंगाखेडहून आले. प्रत्येकाला ती खाली बघून सांगायची, "बारीक झटका होता म्हणे." सगळे गेल्यावर एकदा म्हणाली, "तुमच्यासाठी बोलायलेय मी. पण मला हे पचंना." तरीही तिनं मला उघडं पाडलं नाही, आणि मला सांगितलेल्या त्या दुसऱ्या डॉक्टरकडे नेल्याशिवाय ती राहिलीही नाही.

मानसोपचारतज्ज्ञ माझ्या लेकीच्या वयाच्या होत्या. गोळ्या दिल्या, गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाल्या, श्वास सावकाश सोडायला शिकवलं. मग विचारलं, "काका, आज कुणाला चांगलं म्हणालात?"

मी आठवत बसलो. आज नाही, काल नाही. त्यांनी मला भरपूर वेळ दिला. तरी एकही आठवेना.

त्या म्हणाल्या, "आजार जाणं ही अर्धी गोष्ट झाली. सुखात राहणं वेगळं, त्याची सवय लावून घ्यावी लागते." माणसांत काय बरं चालतं आणि ते कसं वाढवावं, याचा अभ्यास करणारं एक शास्त्र आहे, पॉझिटिव्ह सायकॉलॉजी. त्यातलाच एक व्यायाम त्यांनी मला दिला. रोज एका माणसाला त्याची एक चांगली गोष्ट तोंडावर सांगायची. "पण खोटं कौतुक चालणार नाही. ग्रेडर आहात ना? नीट पारखून सांगा."

कामावर गेलो त्या दिवशी येलदरीकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला होता. मी हात घातला, कापूस पाहिला आणि धीर करून म्हणालो, "वेचणी लय स्वच्छ हाय."

"मग भाव वाढवा की!"

"भाव तोच. वेचणी चांगली हाय, तेवढं सांगितलं."

तो बायकोकडे वळला. "चल गं, गाडी वळवू. ह्या माणसाच्या पोटात काहीतरी हाय."

त्याची बायको काही हलली नाही. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वेचला मी हाय. ते मला म्हणायलेत." माणिक हसून हसून पोत्यावर बसला.

घरी तर याहून अवघड. चहाचा कप हातात घेऊन मी सुनंदाला म्हणालो, "दवाखान्यात तू सगळं नीट सांभाळलंस."

"डॉक्टरीणबाईंनी म्हणायला सांगितलं का?"

"हो."

"बरं. मग उद्या बी म्हणा."

जादू काही झाली नाही. मधे पुन्हा एकदा तसाच त्रास झाला, पण श्वास मोजत बसलो आणि तो ओसरला. मात्र जेवणाच्या सुट्टीत मी केबिन सोडून हमालांसोबत बसायला लागलो. कुणाची पोत्यांची थप्पी सरळ लागते, कोण दुसऱ्याचं ओझं न सांगता उचलतो, हे मला दिसायला लागलं आणि मी ते बोलायला लागलो. माणिक सगळ्यांसमोर म्हणायचा, "झटका आला अन् साहेब माणसात आले. आता मालकालाबी एखादा येऊ द्या!" सगळे हसायचे, मीही हसायचो. मग डबा तसाच झाकून ठेवायचो.

हंगाम सरत आला तेव्हा एका सकाळी हाच माणिक छातीवर हात ठेवून केबिनमध्ये आला.

"साहेब, तुमचं ब्लॉकेज कोणत्या बाजूला होतं? माझं बी तेच दिसायलंय. धडधड होते, झोप न्हाई. लेकीचं लग्न तोंडावर हाय, घरी काय सांगू?"

'ईसीजी काढून घे' एवढं सांगून मला सुटता आलं असतं. पण ईसीजी चांगला निघाला तर हा पुढं कुठं जाणार होता? तिथून पुढची वाट मी स्वतःच झाकून ठेवली होती.

मी म्हणालो, "माणिक, मला झटका आलाच नव्हता." आणि सगळं सांगितलं. गोळ्यांसकट.

त्यानं छातीवरचा हात खाली घेतला आणि म्हणाला, "म्हंजे मी तुमाला मांडीवर घेऊन देवाचा धावा करायलो, अन् तुमचं काळीज ठणठणीत?"

"हो."

"भले शाबास!" मग आवाज खाली आला. "अन् ते मरायलोय असं वाटत होतं, ते?"

"ते खरं होतं."

"मग मला बी तेच वाटायलंय, साहेब."

त्याच दिवशी मी त्याला परभणीला घेऊन गेलो. आधी हृदयाच्या सगळ्या तपासण्या केल्या. वाचणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. छातीत त्रास झाला तर मनाचं असेल म्हणून घरी बसू नका, आधी दवाखाना गाठा. आणि हृदय चांगलं निघालं तर तिथंच थांबू नका. माणिकचं चांगलं निघालं. मग आम्ही त्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

आता तो जेवताना सर्वांदेखत गोळी काढतो. कुणी विचारलं तर म्हणतो, "धडधडीची हाय. मनाच्या डॉक्टरची." सुरुवातीला दोघंतिघं हसले. त्यानं पाणी पिऊन डबा बांधला आणि पोती उचलायला गेला. नंतर त्यांच्यातल्याच एकानं त्याला बाजूला घेऊन डॉक्टरांचा पत्ता विचारला. मला जे जमलं नाही ते या माणसानं सहज केलं. माझं नाव मात्र त्यानं अजून कुणापुढे काढलेलं नाही.

सुनंदा माझ्यासाठी ज्या ज्या माणसांशी खोटं बोलली, त्यांच्या घरी जाऊन मला खरं सांगायचं आहे, आमच्या गल्लीत आणि तिच्या माहेरीही. अजून मी एकाही घरी गेलेलो नाही.