आहे तसाच टाका

उजेडकाकांच्या स्टुडिओत हल्ली गिऱ्हाईक वैतागतं. पासपोर्टचा फोटो काढायला आलेला माणूस सवयीने म्हणतो, "आहे तसाच काढा हो." त्यावर काका कॅमेरा खाली घेतात आणि विचारतात, "आहे तसाच म्हणजे कसा? डाग ठेवायचा? सुरकुत्या ठेवायच्या? गालावरची सावली ठेवायची?" नीट उत्तर मिळेपर्यंत बटण दाबत नाहीत. परवा एक बाई पर्स उचलून चालत्या झाल्या. "फोटो काढायचाय, साक्ष द्यायची नाही," असं जाताना मलाच सुनावून गेल्या, कारण काउंटरवर मी बसते.

उजेडकाका हे नाव गल्लीने ठेवलंय. माझे ते भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. चेहऱ्यावर उजेड नसलेला फोटो त्यांच्या दुकानातून कधी बाहेर पडला नाही. शाळेच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतलं, झाडाच्या सावलीत हरवलेलं पोरही ते हळूहळू वर काढत. पूर्वी ब्रशने, मग कॉम्प्युटरवर. "चेहरा दिसत नसेल तर फोटो कशाला, भिंतीला पडदाच टांगा की!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि "आहे तसाच" या शब्दांचा अर्थ त्यांनी आयुष्यभराच्या धंद्यात पक्का करून ठेवला होता: मला देखणं करा, पण केलंत असं म्हणू नका. या अर्थाने त्यांना कधी दगा दिला नव्हता. स्टुडिओचा छोटा शिक्का फोटोच्या कोपऱ्यात उमटला की काम संपलं.

आमच्या वरच्या खोलीत एक परदेशी नर्स भाड्याने राहते. ड्युटीवरून येताना काउंटरशी टेकून दोन शब्द बोलल्याशिवाय वर जात नसे. आपली भाषा तिने हॉस्पिटलात पेशंटांकडून उचलली, त्यामुळे पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने मला "कुठे दुखतंय?" असंच विचारलं होतं. तिच्या देशात निवडणूक झाली आणि तिचं हसणं बंद झालं. जो निवडून आला तो घरी बसला आणि जो पडला तो खुर्चीवर, असं तिचं थोडक्यात म्हणणं होतं. मोजणीच्या खोल्यांतून माणसं हाकलली, पेट्या बदलल्या, आणि बाहेरच्या जगात कुणाला त्याची खबरही नाही.

भावोजी पेटले. आपल्या वॉर्डाचा प्रतिनिधी कोण हे बायकोला विचारून मतदानाला जाणारा हा माणूस! त्यांचं सोशल मीडियावर एक पेज होतं. गावातले जुने फोटो टाकून "ओळखा पाहू" असा खेळ ते तिथे चालवत आणि त्याला बघणारे पुष्कळ होते. आता त्या पेजवर परक्या देशातल्या मतपेट्या आल्या. भावोजी सोप्या भाषेत समजावून सांगायचे, लोक विचारायचे, नर्स सांगेल ते उत्तर भावोजी लिहायचे. ताई म्हणायची, "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं." पण तिलाही मनातून बरं वाटत होतं. नवरा पहिल्यांदाच दुकानाबाहेरच्या कशासाठी तरी तळमळत होता.

मग एके दिवशी नर्सने एक फोटो आणला. तिचा भाऊ शिक्षक आहे, त्याच्या शाळेचं पटांगण. मतपेट्या पळवू नयेत म्हणून गावातली माणसं शाळेच्या दाराशी कडं करून बसलेली. अंधार पडत आलेला, माणसांच्या नुसत्या आकृत्या. "हा टाका," ती म्हणाली, "पण आहे तसाच टाका हं, काका." तिला उशीर झाला होता. एवढं बोलून ती हॉस्पिटलला गेली. कारण सांगायची तिला गरजच वाटली नसावी. तिच्या देशातल्या शेंबड्या पोरालाही ते न सांगता कळलं असतं.

भावोजींनी "आहे तसाच" हे शब्द ऐकले आणि चष्मा पुसून बसले. सगळी दुपार ते त्या अंधाराशी झटत होते. एकेक कपाळ, एकेक नाक वर आलं. एक म्हातारी, तिच्या मांडीवर झोपलेलं मूल, भिंतीला टेकून समोर बघणारा एक तरुण. मी बघतच राहिले. म्हटलं, "कमाल केलीत भावोजी!" ते म्हणाले, "माणसं दिसली पाहिजेत गं. आकृत्यांसाठी कोण रडतं?" खोटं नव्हतं ते. शिक्का उमटवला आणि फोटो टाकला.

फोटो असा पसरला की आमची मतीच गुंग झाली. कुठल्या कुठल्या देशांतून लोक लिहीत होते. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाला अर्धवट सोडून अभिनंदन करायला आला. भावोजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते नर्सची वाट बघत काउंटरशीच उभे राहिले. तिच्या तोंडचं एक थँक्यू त्यांना हवं होतं. ती दिसताच म्हणाले, "बघितलंस का? सगळं जग बघतंय!"

ती म्हणाली, "काका, चेहरे दिसतायत."

"दिसणारच! त्यासाठीच तर..."

"दिसत नव्हते म्हणूनच हा फोटो निवडला होता मी."

भावोजींनी फोटो पेजवरून लगेच काढून टाकला. पण सांडलेलं पाणी का भांड्यात परत येतं? थोड्याच दिवसांत तोच फोटो तिकडच्या सरकारी वाहिनीवर दिसला. चेहऱ्यांभोवती लाल गोल काढलेले आणि वर तिच्या भाषेत एक ओळ. तिने ती आम्हाला वाचून दाखवली: "यांना ओळखता का?" आणि कोपऱ्यात, कुणी काढायची तसदीही न घेतलेला, आमच्या स्टुडिओचा शिक्का. भिंतीला टेकलेल्या तरुणाभोवतीही गोल होता. तो तिचा भाऊ. त्याला घरातून नेलं. कुठे नेलं ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वर निघून गेली.

भावोजी लाजेने अर्धमेले झाले. मागच्या जुन्या डार्करूममध्ये मोडके स्टँड ठेवतो, तिथे जाऊन बसायला लागले. जिन्यात तिची पावलं वाजली की हातातलं काम टाकून आत. गल्लीला यातलं काही ठाऊक नव्हतं. लोक अजून स्तुती करायचे, एका मंडळाने तर सत्काराला बोलावलं. मी त्यांना कसंबसं कटवलं. तेव्हा मलाही मान वर करवेना. मीही "कमाल केलीत" म्हणालेच होते की. भावोजी ताईला एकदाच म्हणाले, "त्या लोकांना ही माणसं शोधून सापडली नसती. मी बसून, मन लावून, एकेक काढून दिलं त्यांना." ताईकडे एरवी प्रत्येक गोष्टीला एक म्हण असते. तेव्हा नव्हती.

एका सकाळी नर्स खाली आली आणि काउंटरशी उभीच राहिली. आतून भावोजींची चाहूल लागत होती. मला राग आला. "बाहेर या," मी म्हटलं, "तिने किती वेळ उभं राहायचं?" ते आले, तिच्याकडे न बघता.

"इथले आमच्याकडचे सगळे आमच्या देशाच्या वकिलातीसमोर उभे राहणार आहोत, काका. ज्यांना नेलंय त्यांचे फोटो घेऊन. भावाचा मोठा प्रिंट हवाय." तिने मोबाईल पुढे केला. फोटो भावोजींनी उजळलेलाच होता.

"दुसरा नाही?" त्यांनी विचारलं.

"त्याला फोटो काढून घ्यायला कधी आवडलंच नाही. आईकडे आहे तो लहानपणचा. एवढा स्पष्ट हा एकच."

भावोजींनी चेहरा पडद्यावर मोठा केला. कोपऱ्यातला शिक्का आधी काढला. मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघतच विचारलं, "बाकी आहे तसाच ठेवू?"

ती पडद्यावरच्या भावाकडे वाकली. "डोळ्यांखाली काळं दिसतंय," ती म्हणाली. "बातम्यांत आई बघेल. तेवढं काढाल?"

दोनदा पुसून त्यांनी ते पुन्हा केलं. प्रिंट निघाला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडे नेऊन पाहिला आणि म्हणाली, "थँक्यू, काका."

ज्याची त्यांनी त्या दिवशी उभं राहून वाट पाहिली होती ते थँक्यू आता आलं. ते त्यांना घेता येईना आणि नको म्हणायलाही तोंड नव्हतं. ती बाहेर पडून दिसेनाशी झाली तरी भावोजी तसेच, खाली मान घालून उभे होते.