आक्काच्या गावचा उतार

आक्काचं लग्न झालं आणि आमचा रविवार दोन ठिकाणी वाटला गेला. सकाळ कोल्हापुरात मटणाची, दुपार शाहूवाडीकडं आक्काची. आमचे वडील, आबा, फौंड्रीत साचे करणारे मोल्डर होते, सुट्टी आठवड्यातून एकच. पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांचा एकही रविवार चुकला नाही. उजाडायच्या आत मटणाच्या दुकानापुढं पिशवी घेऊन उभे राहायचे, आई तांबडा-पांढरा रस्सा करायची, आणि दहाच्या सुमारास सुक्क्या मटणाचा डबा हँडलला अडकवून आबा स्कूटरला किक मारायचे. मागं बहुतेक वेळा मीच. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि अभ्यास सोडून कुठंही जायला तयार होते.

आक्काच्या सासरची माणसं चांगली होती. भाताची शेती, चार म्हशी, मनं मोठी. पण घर गावापासून बाजूला, आणि आक्का आमच्या गल्लीत वाढलेली. आमच्या गल्लीत शेजारच्या घरची भांडणं ऐकत माणसं जेवायची. "हितं दुपारी कुत्रंसुदीक भुंकत न्हाय," असं ती एकदा म्हणाली होती. हसत म्हणाली, म्हणून आम्हीही हसलो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं ती. पेट्रोल वाढलं की सातच्या बातम्यांत कळायचं आणि सगळी गल्ली पंपावर धावायची, कारण मध्यरात्रीपर्यंत जुना भाव. ती रांग म्हणजे निम्मी जत्राच. कोण कॅन घेऊन, कोण शेजाऱ्याची गाडी मागून. आबा तर पंपापर्यंत स्कूटर ढकलत न्यायचे. भरायला जाताना जाळायचं कशाला, हा त्यांचा हिशोब. तिथं ओळखीचा कोणीतरी ओरडायचाच, "काय आबा, म्हस धुवायला न्ह्यायलाईसा व्हय?"

पण आक्काच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पेट्रोलनं सगळ्यांनाच हात दाखवला. डिझेलही वाढलं. खेड्यावरून मोटारसायकलला कॅन बांधून येणाऱ्या दूधवाल्यानं भाव वाढवला. भाजीचा टेम्पो महागला म्हणून मेथी महागली, आणि रिक्षावाला तर तोंड उघडायच्या आधीच मान हलवायचा. एसटीचं तिकीटही वाढलं. एसटीनं जायचं म्हटलं तरी फाट्यापासून पुढं चालणं आणि परतीची गाडी मिळेल याची खात्री नाही. फौंड्रीत कधी जादा काम मिळायचं, कधी महिनाभर नाही. आईनं एका संध्याकाळी सरळ विषय काढला. दर रविवारचं मटण आणि दर रविवारचं पेट्रोल, दोन्ही जमणार नाही.

आबा आधी खवळले. "पेट्रोल वाडलं म्हणून आईतवारचं मटण सोडू? लोक काय म्हणतील?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू सांग."

मी मटण म्हणाले. विचारसुद्धा केला नाही. वर शहाणपण शिकवलं की आक्का आता तिच्या घरी रुळली आहे, एक आड एक रविवारी गेलं तरी चालेल. पुढच्या खेपेला आबांनी चाचरत तिला ते सांगितलं, तर ती म्हणाली, "चालतंय की. मला तरी रोजचं काय कमी काम हाय?" आणि आमच्या पानात भात वाढत राहिली. मला सुटल्यासारखं झालं.

एवढ्यावर आबांचं भागलं नाही. ते आता उतारावर इंजिन बंद करायला लागले. वाघबीळचा चढ चढून गेलं की पुढं जिथं जिथं रस्ता खाली उतरेल तिथं न्यूट्रल आणि गाडी बंद. नुसती वाऱ्याची सूं सूं. त्या जुन्या स्कूटरचं इंजिन बंद म्हणजे हॉर्नही बंद. मग समोर म्हैस आली की मी मागून "हो, हो" करून ओरडायचं. कॉलेजातल्या पोरीला याहून मोठी शिक्षा नसेल. आबा मात्र प्रत्येक उतार संपला की पोरासारखे खूश व्हायचे.

आक्काच्या गावचा उतार सगळ्यांत लांब होता. वरच्या वळणापासून खालच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत. पूर्वी आमची गाडी त्या वळणावर आली की फटफट सगळ्या शिवारात ऐकू जायची. आम्ही अंगणात पोचेपर्यंत आक्का तोंड धुऊन, पदर नीट करून, पाण्याचा तांब्या घेऊन दारात हजर. त्या उतारावर मात्र आबांनी आतापर्यंत गाडी बंद केली नव्हती, कारण खाली वळताना गुरं आडवी यायची.

एकदा आमच्या पाळीच्या रविवारी आबांना जादा काम लागणार होतं. म्हणून आम्ही आठवडाभर आधीच निघालो. कळवायला तिच्याकडं फोन नव्हता. टाकीत पेट्रोल तळाला गेलेलं, परत यायचं होतं, म्हणून त्या दिवशी आबांनी तो उतारही बंद गाडीनं घेतला.

खाली मोरीच्या कठड्यावर कोणीतरी आमच्याकडं पाठ करून बसलं होतं. बाजूला गवताचा भारा. गाडी दहा पावलांवर येऊन थांबली तरी त्या बाईला कळलं नाही. आक्का होती. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून बसली होती.

"आक्के," आबा म्हणाले.

ती दचकून उठली. आम्हाला बघून आधी रागावलीच. "गाडी का बंद केलासा? आवाज न्हाय काय न्हाय!" आणि मग रडायला लागली. लग्नात पाठवणीच्या वेळी न रडलेली माझी बहीण रस्त्यात उभी राहून हमसून रडत होती.

मागून तिची सासू गवताचा दुसरा भारा घेऊन आली. बिचारीला वाटलं आम्ही तिलाच दोष देऊ. "पावणं, आज तुमची पाळी न्हाय म्हणून किती सांगितलं हिला. पर दर आईतवारी हितंच येऊन बसती. आवाज आला तर आला म्हणती."

आबा कठड्यावर बसले. आक्कानं डोळे पुसले आणि हँडलला अडकवलेला डबा काढून घेत उगीच हसून म्हणाली, "येवडं काय न्हाय. दर आईतवारी या म्हणून मी म्हटलंच न्हाय की. ही बया मटण सोडंल व्हय?"

तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. ती मला ओळखत होती एवढंच. मला अशी लाज वाटली की त्या दिवशी जेवताना मी तिच्या तोंडाकडं बघू शकले नाही. कसलातरी बहाणा करून भाजी-भाकरी खाल्ली.

घरी आल्यावर मीच आईला सांगितलं की मटण महिन्यातून एकदा पुरे. आबांनी लोक काय म्हणतील ते विचारलं नाही.

पुढं पेट्रोल किती वेळा वाढलं ते मी मोजायचं सोडून दिलं. दोन हजार सालानंतर तर सातच्या बातम्यांना कोणी दचकेनासं झालं. आबा शेवटपर्यंत प्रत्येक उतारावर गाडी बंद करत राहिले आणि मी मागून म्हशी हाकत राहिले. फक्त आक्काच्या गावचं वळण आलं की ते गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचे, कान किटतील एवढा अ‍ॅक्सिलरेटर पिळायचे आणि मोरी येईपर्यंत हॉर्नवरचा अंगठा काढायचे नाहीत.

"आबा, पेट्रोल!" मी मागून मुद्दाम ओरडायचे.

"जळू दे," म्हणायचे.