दोन पत्ते काढा

रिठदला आमचे एक शेजारी आहेत. रविवारी त्यांच्याकडे आम्ही पत्त्यांचा एक खेळ खेळतो. त्यात जो तो नवे पत्ते मिळवत आपला गठ्ठा वाढवतो. एका पत्त्यावर लिहिलंय, 'दोन पत्ते काढा.' त्यांच्या डावात त्याचा अर्थ ढिगातून घ्या, आमच्या डावात हातातले टाका. वर शब्दाखाली बोट ठेवून म्हणतात, "नीट वाचा ना भाऊ."

परवा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, पहिल्यांदाच बसल्या आणि जिंकू लागल्या. त्यांनी ढिगातून दोन पत्ते घेताच शेजाऱ्यांनी ते हिसकावले. "तुले काय समजते?"

"मंघाशी तुमीबी घेतले ना?" वहिनी म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "त्यायचं बरोबर हाये. द्या ते पत्ते."

"खेळ माहा हाये," म्हणत ते पत्ते डब्यात भरू लागले.

वहिनींनी हातातले सगळे पत्ते त्यांच्यापुढे टाकले. "मंग एकटेच खेळा."