अकरा महिन्यांची ओळख

जामीन म्हणजे कोर्टात पैसे भरायचे, अशी आमच्या दोन्ही घरांची समजूत होती. म्हणून माझे व्याही पातूरहून पंचवीस हजार रुपये पिशवीत घालून अकोल्याच्या कोर्टात आले होते, आणि कमी पडले तर असावेत म्हणून मी अमरावतीहून वीस हजार आणले होते. वकिलांनी आम्हाला पिशव्या बंद करायला सांगितल्या.

"पैसे नकोत. माणूस पाहिजे."

आरोपी स्वतः पंचवीस हजारांचा मुचलका लिहून देतो आणि तेवढ्याच रकमेची हमी दुसरा कोणी देतो. हा दुसरा म्हणजे जामीनदार. त्याच्या नावावर जमीन किंवा घर असावं लागतं. आरोपी तारखेला हजर राहिला तर जामीनदाराचा एक रुपयाही जात नाही. नाही राहिला तर रक्कम त्याच्याकडून वसूल होते. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आरोपी म्हणजे माझा जावई. भाजीबाजारात कॅरेट ठेवायच्या जागेवरून भांडण झालं, ढकलाढकलीत एकाचा हात मोडला आणि फिर्यादीत याचं नाव आलं. तो सहा दिवस आत होता. आदल्या दिवशी जामीन मंजूर झाला होता आणि आता शुक्रवार होता. जामीनदाराचे कागद आज पास झाले नाहीत तर मधे दोन दिवस सुट्टी, म्हणजे सोमवारपर्यंत तो आतच. मुलगी सासरी होती. सकाळी फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, आज आणा त्यांना."

व्याह्यांच्या सातबाऱ्यावर पाच नावं होती. तीन भाऊ, दोन बहिणी, वाटणी झालेली नाही. वकील म्हणाले, सगळ्यांची संमती लागेल. एक बहीण सुरतेला. माझा मोर्शीकडचा संत्र्याचा बगीचा, एक हेक्टर वीस आर, माझ्या एकट्याच्या नावावर आहे. सातबारा, घरकराची पावती, आधार कार्ड आणि दोन फोटो मी सोबत आणलेच होते. मी म्हणालो, मी जामीन राहतो.

व्याही उठून बाहेर गेले. मी मागे गेलो.

"काहून, काय झालं?"

"पोराचं लगन लावलं, तवा तुमच्यापासून काही मांगतलं नाही मी. आता पोरीच्या बापाले कोर्टात उभं करू? लोक काय म्हणतीन?"

"लोकांपाशी सातबारा हाये का?"

तेवढ्यात झाडाखालचा एक माणूस जवळ आला. त्याला आमची अडचण न सांगताच कळली होती.

"जामीनदार पायजे का काका? कागद तयार, माणूस तयार. तीन हजार."

व्याह्यांनी माझ्याकडे न बघता पिशवीत हात घातला. तयार माणूस बाजूलाच पान खात उभा होता. व्याह्यांनी त्याला विचारलं, "माह्या पोराले ओळखतं का तू?"

"कोर्टात गेल्यावर ओळखतो ना काका."

"नाव काय त्याचं?"

त्याने दलालाकडे पाहिलं. दलाल म्हणाला, "नाव लिहून देतो ना त्याले."

व्याह्यांनी हात पिशवीतून बाहेर काढला. "मंग मीच काहून नाही राहत जामीन, नाव तं मले पाठ हाये," असं त्याला सुनावून ते माझ्याकडे वळले. "चला. पण घरी इहिणबाईले सांगू नका, मी हट्ट केला म्हून."

घरी मी काही लपवत नाही, पण त्या वेळी मान हलवली.

प्रतिज्ञापत्र करण्यात दीड तास गेला. आमचा पुकारा होईपर्यंत तीन वाजून दहा मिनिटं झाली. आत जाताना वकिलांनी कानात सांगितलं, "कधीपासून ओळखता विचारलं तर लहानपणापासून म्हणा. विषय संपतो."

न्यायाधीश बाई होत्या. कागद चाळून त्यांनी तेच विचारलं.

"अकरा महिन्यांपासून," मी म्हणालो. "माझ्या मुलीशी लग्न झालं तेव्हापासून."

वकिलांनी फाईल बंद केली. व्याही मागच्या बाकावर होते, त्यांचा खोकला मला ऐकू आला.

"अकरा महिन्यांत तो पळून जाणार नाही अशी खात्री कशी झाली तुमची?"

"भांडणात काय झालं ते मला माहीत नाही, मॅडम. मी तिथे नव्हतो. पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो मुलीला घेऊन आमच्याकडे येतो. अकरापैकी दहा वेळा आला. एकदा जमलं नाही, तेव्हा आदल्या दिवशी फोन केला. येण्यापुरतं मी सांगू शकतो."

"मी येण्याचंच विचारतेय," त्या म्हणाल्या. "तारखेला आला नाही तर पंचवीस हजार तुम्हाला भरावे लागतील. समजलं?"

"समजलं."

त्यांनी सही केली.

सुटकेचा हुकूम तुरुंगात वेळेत पोचला नसता तर त्याची ती रात्रही आतच गेली असती. वकिलांच्या कारकुनाने तो ऑटोने नेला आणि आम्ही दुसऱ्या ऑटोने मागे. फाटकासमोर उभं राहिल्यावर मला आठवलं की सकाळपासून आपण फक्त चहा प्यायलोय. व्याह्यांनी दोन केळी आणली. एक मला दिलं, दुसरं हातात धरून ठेवलं.

सहाला पाच कमी असताना जावई बाहेर आला. दाढी वाढलेली, हातात चपला. व्याह्यांनी केळं त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "चपला घाल आंधी." मग मुलीला फोन लावून तो त्याच्या कानाशी धरला. तो बराच वेळ नुसता "हो" म्हणत होता.

त्यांनी जेवून जायचा खूप आग्रह केला. पण अंग धुवायला आणि घरच्यांत बसायला त्याला मोकळं घर मिळावं, असं मला वाटलं. मी अमरावतीची बस धरली. या रस्त्यावर मी कधी झोपत नाही. त्या दिवशी मूर्तिजापूर कधी गेलं कळलं नाही. अमरावतीच्या अलीकडे, बडनेऱ्याला, कंडक्टरने खांद्याला हात लावून उठवलं.